गावात घोडे ठेवतो, झोन बदलला म्हणून तबेला काढायची नोटीस आलीय, काय करायचं?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. उत्तर सोलापूर तालुक्यातलं गाव, शहराच्या जवळचं. प्रश्न विचारणाऱ्या भावाकडं तीन घोड्या, एक घोडा आणि एक शिंगरू. स्वतःच्या गटात पत्र्याचा तबेला, गावठाणाच्या हद्दीपासून दीडेकशे मीटरवर, वडलांच्या वेळचा. शेजारच्या गटात चार वर्षांमागं प्लॉटिंग पडलं, बंगले झाले, त्यांनी वासाची आणि माश्यांची तक्रार केली. आता ग्रामपंचायतीची नोटीस आलीय की हा भाग रहिवासी झोनमध्ये आलाय, १५ दिवसांत तबेला हलवा, नाहीतर आम्ही काढू. भाऊ विचारतोय की गावात घोडा पाळायचा हक्क राहिला का नाही.

मी सोलापुरात बावीसेक वर्षं महसूल आणि नगररचनेचीच कामं करतोय, आणि आमच्या आजोबांचा स्टेशनवर टांगा होता त्यामुळं घोड्याची फाईल आली की जरा जास्तच लक्ष घालतो हे कबूल करतो. अशा आठ-दहा केसेस हाताखालून गेल्या, काही जिंकल्या, दोन सपाटून हरलो. हरलेल्या दोन्हीत कायदा आमच्या विरोधात नव्हता, एकात कागद नव्हते आणि दुसऱ्यात लिदीचा ढीग होता. म्हणून "परंपरा आहे, हक्क आहे, घोडा ही लक्ष्मी आहे" हे सगळं मनात ठेवा, उत्तरात लिहू नका. उत्तरात एकच गोष्ट लिहायचीय, की हा शेतीचाच वापर आहे, झोन बदलायच्या आधीपासूनचा आहे आणि याचे हे कागद.

पहिलं काम, नोटीस परत नीट वाचा. खाली सही कोणाची आणि वर कायदा कोणता लिहिलाय? बऱ्याच ग्रामपंचायती "आपणांस कळविण्यात येते की" म्हणून सुरू करतात आणि कलमच लिहीत नाहीत. झोन ठरवणं, झोन बदलला म्हणून बांधकाम काढायला लावणं, हे ग्रामपंचायतीचं कामच नाही ओ. ते नियोजन प्राधिकरणाचं नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांचं काम, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली, ज्याला कचेरीत सगळे एमआरटीपी म्हणतात. ग्रामपंचायतीकडं १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे अधिकार आहेत, म्हणजे रस्त्यावरचं किंवा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण, गावातली स्वच्छता, आरोग्य वगैरे. तुमचा तबेला स्वतःच्या गटात आहे, रस्त्यावर नाही, त्यामुळं अतिक्रमण हा शब्द लागत नाही. पण स्वच्छतेचा मुद्दा लागू शकतो, त्यावर खाली बोलू कारण खरी लढाई तिथंच आहे.

म्हणून लेखी उत्तर द्यायचं, मुदतीच्या आत, आणि त्यात सरळ विचारायचं की कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ही नोटीस आहे, झोन बदलल्याची अधिसूचना कोणत्या तारखेची, तक्रारीची प्रत द्या आणि पंचनामा झाला असेल तर त्याचीही प्रत द्या. उत्तर आवक-जावकला देऊन पोच घ्यायची, शिक्क्यासकट. पोच देत नसले तर स्पीड पोस्टानं पाठवा. सरपंचाच्या घरी जाऊन चहा पिऊन "मिटवू की" असं ठरलं तरी उत्तर द्यायचंच, चहाची पोच मिळत नसते.

जर नोटीस खरंच एमआरटीपीच्या कलम ५३ ची असेल, म्हणजे अनधिकृत विकासाची, तर मग गंमत नाही, पण त्यातही वाट आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवायची परवानगी मागता येते आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते बांधकाम त्या नोटिशीच्या जोरावर पाडता येत नाही. हे बहुतेकांना माहीतच नसतं, मुदत गेली की मग वकील शोधत येतात.

आता कायद्यातली खरी गोष्ट, जी मी प्रत्येक घोडेवाल्याला लिहून घ्यायला लावतो. एमआरटीपीच्या कलम २ मध्ये अगदी पहिलीच व्याख्या 'शेती'ची आहे, आणि तिच्यात पिकं, फळं, भाज्या, कोंबडीपालन यांच्याबरोबर पशुधनाची पैदास आहे, आणि त्या पशुधनात गुरं, घोडे, गाढवं, खेचरं, डुकरं अशी नावं घेऊन लिहिलंय. घोडे! नाव घेऊन! म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर झोन बदलायलेत तोच कायदा म्हणतोय की घोड्याची पैदास ही शेती आहे. मी एका सुनावणीत हे कलम वाचून दाखवलं तेव्हा समोरच्या साहेबांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा वाचलं आणि म्हणाले, एवढ्या वर्षांत इकडं लक्षच गेलं नाही.

राज्यात (मुंबई आणि थोडे भाग सोडून) डिसेंबर २०२० पासून जी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, युडीसीपीआर म्हणतात ती, तिच्यातही शेती झोनमध्ये चालणाऱ्या वापरांत पाळीव जनावरांचे तबेले आहेत. तेव्हा जमीन अजून शेती झोनमध्ये असेल तर विषयच संपला. पण तुमच्या प्रश्नात मेख अशी आहे की ते म्हणायलेत झोन रहिवासी झाला.

झाला का खरंच? हे तपासा, कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. नगररचना कार्यालयात गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, फी भरून मिळतो. मागच्या वर्षीची एक केस सांगतो, सगळं गाव म्हणत होतं झोन यलो झाला यलो झाला, म्हणजे रहिवासी, दाखला काढला तर जमीन हिरव्यातच, म्हणजे शेतीतच, फक्त शेजारचा प्लॉटिंगवाला गट एनए, म्हणजे बिनशेती, झालेला होता आणि त्या एजंटनं गिऱ्हाईकाला सांगायला म्हणून सगळा पट्टाच यलो करून टाकला होता. दुसरं असं की नकाशा प्रारूप आहे का मंजूर आहे ते बघा. प्रारूप म्हणजे अजून हरकतीची वेळ आहे किंवा होती. विकास योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकत-सूचनेला ३० दिवस मिळतात, मंजूर योजनेत कलम ३७ खाली फेरबदल करायचा असेल तर एक महिना. जाहिरात राजपत्रात आणि पेपरात येते, बारीक अक्षरात, आणि आपले लोक पेपरात लग्नाचे मुहूर्त आणि उसाचा दर सोडून काही वाचत नाहीत. तेवढ्यात ३० दिवस निघून जातात.

हरकत लिहायची तर झेरॉक्स काढलेली सामूहिक हरकत लिहू नका. पन्नास लोकांनी एकच मजकूर सह्या बदलून दिला की तिकडं ती एकच हरकत म्हणून बघितली जाते. प्रत्येकानं आपला गट नंबर, क्षेत्र, सातबारा, तबेल्याचा फोटो, जनावरांची संख्या लिहायची, आणि नेमकं काय पाहिजे ते मागायचं. "झोन बदलू नये" एवढंच लिहिलं तर फेटाळायला सोपं जातं. "रहिवासी झोनची हद्द माझ्या बांधावरून न नेता पलीकडच्या ओढ्यावरून न्यावी, कारण ओढा नैसर्गिक हद्द आहे आणि अलीकडं चालू पशुधनाचा वापर आहे" असं लिहिलं तर नकाशावर पेन्सिल फिरवणाऱ्याला काहीतरी करता येतं. सुनावणीला दोन पानं घेऊन जा, वीस नको. आणि जाताना म्हाताऱ्या वडलांना बरोबर न्या, हे कायद्यात नाही, माझा अनुभव आहे.

समजा झोन खरोखर मंजूर होऊन रहिवासी झालाच. तरी घाबरायचं कारण नाही. एमआरटीपीत 'विकास' म्हणजे काय तर नवीन बांधकाम किंवा जमिनीच्या, इमारतीच्या वापरात ठळक बदल. तुम्ही काय बदललं? काहीच नाही. कालपर्यंत जे करत होता तेच आज करताय, बदलला तो नकाशा. आपला युक्तिवाद तिथंच उभा करायचा. चालू वापर चालू ठेवणं वेगळं आणि नवीन सुरू करणं वेगळं. पण यातून दोन गोष्टी निघतात ज्या लोक विसरतात. एक, झोन बदलल्यानंतर तबेला वाढवू नका, पत्रे बदलताना चार खांब जास्त टाकू नका, आता पाच जनावरं आहेत तर उद्या बारा करू नका, कारण मग 'बदल' तुम्ही स्वतःच हातात दिला. दोन, वापर आधीचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

आणि इथंच आपले लोक मार खातात. सातबाऱ्यावर ज्वारी लागते, तूर लागते, घोडा लागत नाही. मी हरलेली पहिली केस हीच होती. माणूस तीस वर्षं घोडे ठेवत होता, सगळ्या पंचक्रोशीला माहीत, आणि एक कागद नाही. साक्षीदार म्हणून गावातली म्हातारी माणसं उभी केली, समोरच्या वकिलानं त्यांना वर्षं विचारून गोंधळात टाकलं. शेवटी त्यानं घोड्या अकलूजच्या बाजारात विकल्या, मला फोन आला तेव्हा टेम्पो निघालेला होता.

तर कागद कुठून आणायचे? सगळ्यात भारी पुरावा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पडलेला असतो. घोडीला पोटशूळ झाला होता, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, नाल मारताना खूर कापला, अशा वेळी डॉक्टरनं केसपेपर केला असेल तर रजिस्टरला तारीख, मालकाचं नाव, गाव, जनावर सगळं असतं. माहिती अधिकारात त्या नोंदींच्या नक्कला मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत द्यावं लागतं. एका केसमध्ये एका घोडीच्या उपचाराच्या नऊ वर्षांच्या नोंदी निघाल्या आणि तिथंच समोरचा बसला. मग पशुगणनेची नोंद, विसावी पशुगणना २०१९ ची आहे, तिच्यात गावनिहाय घोड्यांचा आकडा असतो. गावाच्या आकड्यात पाच घोडे आणि गावात घोडे ठेवणारे तुम्ही एकटेच असाल तर ते पाच कोणाचे हे सांगायला नको. बाजार समितीच्या खरेदीच्या पावत्या, अकलूज नाहीतर सारंगखेड्याच्या. नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, तबेल्याची नोंद आहे का, घरपट्टी भरली का, तबेल्याला लाईटचं मीटर कधीचं. आणि गुगलचे जुने उपग्रह फोटो, त्यात पत्र्याचं छप्पर चमकतं की, वर्षासकट. लग्नाचे जुने अल्बमपण बघा, मागं तबेला दिसत असेल तर पुरावा झाला. हसू नका, चाललाय तो.

आता दुसरा वाद, जो तलाठी-मंडल अधिकारी हमखास काढतात. जमीन महसूल संहितेत शेतातल्या इमारतीची व्याख्या आहे, तिच्यात अवजारं, खत, चारा ठेवायला, माल ठेवायला, गुरांच्या निवाऱ्याला, शेतकऱ्याच्या आणि गड्याच्या राहण्याला बांधलेलं सगळं बसतं, आणि अशी इमारत शेतजमिनीवर बांधायला खेड्यात एनए लागत नाही. साहेब म्हणतात, गुरं म्हणजे गाय, बैल, म्हैस. घोडा म्हणजे गुरं नव्हे, घोडा हौसेचा. यावर माझं आवडतं उत्तर म्हणजे १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा. त्यातल्या गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, म्हशींबरोबर घोडे, घोड्या, तट्टू, शिंगरं, खेचरं, गाढवं सगळी आलीत. म्हणजे माझा घोडा दुसऱ्याच्या पिकात शिरला तर तो गुरं म्हणून कोंडवाड्यात घालणार, आणि माझ्याच शेतात निवाऱ्याला उभा राहिला तर तो गुरं नाही? एका कायद्याची व्याख्या दुसऱ्याला आपोआप लागत नाही हे मलाही कळतं, पण हा मुद्दा मांडला की समोरचा जरा थांबतो, आणि थांबला की मग एमआरटीपीची व्याख्या पुढं करायची. हाच क्रम ठेवा.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. एमआरटीपीत शब्द 'पैदास' आहे. तुमच्या तीन घोड्या आहेत, शिंगरू झालंय, म्हणजे पैदास आहे, छान. पण तुमचा तो एक घोडा लग्नाच्या वरातीला जातो का? नाचणारा आहे का? त्याचा फ्लेक्स हायवेला लावलाय का, मोबाईल नंबरसकट? मी विचारतोय कारण समोरची पार्टी तोच फ्लेक्स फोटो काढून आणणार आणि म्हणणार की हा व्यवसाय आहे, शेती नाही. वरातीला घोडा देणं गुन्हा नाही, पण तबेल्याच्या बचावात ते मिसळू नका. तबेला हा पैदाशीचा आणि जनावरांच्या निवाऱ्याचा, घोड्याची वरातीची कमाई वेगळी, तिचे हिशेब वेगळे, फ्लेक्स तबेल्यावरचा काढा. रायडिंग शिकवणार असाल, पोरं-टोरं रविवारी शहरातून येणार असतील तर मग सरळ कृषी पर्यटनाची नोंदणी बघा, २०२० ला राज्याचं धोरण आलंय, पर्यटन संचालनालयाकडं अर्ज करायचा असतो. ते केल्याशिवाय पार्किंग, तिकीट, बोर्ड असलं काही करू नका.

एक सापळा आणखी. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेल्या जमिनीला महसूल संहितेचं ४२ ड लागतं, म्हणजे ती रहिवासी बिनशेती झाल्याचं मानलं जातं, रूपांतरण कर वगैरे भरून. तुमचा तबेला १५० मीटरवर. तहसीलकडून चलन आलं की लोक खुशीत भरून टाकतात कारण बँकेचं कर्ज मिळतं, प्लॉट पाडता येतात. पण एकदा तुम्ही स्वतःहून बिनशेतीची सनद घेतली की उद्या "ही शेतजमीन आहे आणि हा शेतीचा तबेला" हे कोणत्या तोंडानं म्हणणार? भरायचं असेल तर आधी मोजणी करून तबेल्याखालचं आणि पागेचं क्षेत्र बाजूला काढा, मग उरलेल्याचं बघा. भावाभावांत वाटप झालेलं नसेल तर हे अजूनच जपून, धाकट्यानं सनद घेतली आणि थोरल्याचा तबेला गेला असं पाहिलंय मी.

गायरानावर मात्र काही बांधू नका, आणि बांधलं असेल तर आजच काढा. २०११ ला सुप्रीम कोर्टानं पंजाबच्या जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, त्याच वर्षी १२ जुलैला राज्याचा शासन निर्णय आला, तिथं कोणताच युक्तिवाद चालत नाही. चरायला नेणं वेगळं, खुंटा मारून पत्रा टाकणं वेगळं.

आता लीद. हरलेल्या दुसऱ्या केसचा विषय, आणि भाऊ, मला वाटतं तुमच्या नोटिशीचंही मूळ हेच आहे, झोन हे निमित्त. एक मोठं घोडं दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतं, मूत वेगळं. चार मोठी जनावरं धरली तर दिवसाला ६०-८० किलो, महिन्याला दोन टनांच्या आसपास. ही कुठं जाते? आमच्या त्या गड्यानं बंगल्यांच्या बाजूच्या बांधालाच ढीग लावला होता, तिथं सोपं पडत होतं म्हणून. आपल्याकडच्या उन्हात माशीचं अंडं ते माशी हे चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं, त्यामुळं ढीग दोन आठवडे उघडा राहिला की तुम्ही माश्यांचा कारखाना काढलाय असं समजा. बंगल्यातल्या बाईनं मॅजिस्ट्रेटसमोर स्वयंपाकघराच्या खिडकीचा व्हिडिओ लावला, जाळीवर माश्यांचा काळा थर, त्यानंतर मी कितीही कलमं वाचली असती तरी उपयोग नव्हता. ती केस उपद्रवाची होती, पूर्वीचं सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १३३, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. यात झोनचा काही संबंध नसतो, जमीन शेतीची असली तरी उपद्रव तो उपद्रवच. त्यामुळं झोनची केस जिंकून या केसमध्ये हरू नका.

करायचं काय, तर लीद रोज दोनदा उचलायची, सकाळी खराऱ्याच्या आधी आणि संध्याकाळी. बंगल्यांपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात खड्डा, वरून जाड प्लास्टिक ताणून झाकलेलं, आत तापली की अळ्या तिथंच मरतात. आठवड्याच्या आत ट्रॉली भरून बाहेर. सांगोला-मंगळवेढ्याकडचे डाळिंबवाले लीदखत घ्यायला येतात, जवळचे ऊसवालेही नेतात, विकत नाही गेलं तर फुकट द्या पण पावती-चिठ्ठी ठेवा, तारीख टाकून. जमीन मुरमाची, उतार देऊन, मूत एका चरातून शोषखड्ड्यात, खाली पाचट नाहीतर भुसा आणि ओला भाग रोज बदलायचा, वास अमोनियाचा असतो आणि तो ओल्यातूनच येतो. कडब्याची गंजी बंगल्यांच्या बाजूला लावा, भिंतीसारखी आड होते. मध्ये शेवगा, करंज काहीतरी लावा. हे सगळं केलं की फोटो काढा, आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून पाहणीचा दाखला मागा की जनावरं निरोगी आहेत, जागा स्वच्छ आहे. तोच दाखला तुमच्या उत्तराला जोडायचा.

त्याच वेळी रक्त तपासणीचंही बघा. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसाला होऊ शकतो, हे बंगलेवाल्यांपैकी कोणीतरी मोबाईलवर वाचणार आणि ग्रामसभेत ओरडणार. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तो कळवायलाच लागणारा रोग आहे, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं तपासले जातात. तुमच्याकडं निगेटिव्ह रिपोर्ट असला तर तो ग्रामसभेत वाचून दाखवा, शांत आवाजात. बाजारातून नवीन जनावर आणलं तर रिपोर्ट येईपर्यंत वेगळं बांधा.

आणि ग्रामसभेला जा. तिथं मी नेहमी वारीचा विषय काढतो, कारण आपण सोलापूर जिल्ह्यातले. माउलींचा अश्व खुडूसला, ठाकूरबुवाला, बाजीराव विहिरीला रिंगणात धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला चेंगराचेंगरी होते, आणि हीच माणसं बाकी वर्षभर म्हणतात घोडा गावात नको. हे कोर्टात बोलायचं नाही, ग्रामसभेत बोलायचं. फरक पडतो.

ग्रामसभेतच दुसरं एक काम होतं जे फार कमी जणांना सुचतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, आणि त्यात फक्त झाडं-पाखरं नसतात, पाळीव जनावरांच्या देशी जातीही येतात. तुमच्या घोड्या मारवाडी-काठेवाडी असतील तर एवढा उपयोग नाही, पण आपल्याकडं धनगरांच्या मेंढरांबरोबर जी बुटकी काटक तट्टं फिरतात, ती भीमथडी. भीमेच्या काठची, मराठ्यांच्या पागेतली जात, सगळे म्हणायचे संपली म्हणून, आणि अलीकडं तिची देशी जात म्हणून अधिकृत नोंदणी झालीय. तुमच्यातली एखादी घोडी तशी असेल तर पशुवैद्यकाकडून खातरजमा करून नोंदवहीत नोंद लावून घ्या. ज्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत जात लिहिलीय त्याच ग्रामपंचायतीनं तिचा तबेला पाडायचा म्हणजे त्यांनाच अवघड जातं.

शेवटी हद्दीचं. तुमचं गाव शहराला लागून आहे म्हणून सांगतो, उद्या हद्दवाढ झाली तर डाव बदलतो. १९९२ ला बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव ही गावं महापालिकेत आली, तिथं अजून लोक शेती करतात, जनावरं ठेवतात, पण कायदा महापालिकेचा लागतो, परवाना, आरोग्य विभाग, सगळं आलं. अकलूज तर घोडेबाजाराचं गाव, २०२१ ला ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, बाजार तिथंच भरतो पण आता गावच नगरपरिषदेच्या कायद्याखाली आलं. म्हणून गाव ग्रामपंचायतीत आहे तोवरच नमुना ८ ला तबेला म्हणून नोंद लावून घ्या, निवासी पत्राशेड म्हणून नव्हे, "जनावरांचा गोठा/तबेला" असे शब्द पाहिजेत. हद्दवाढ झाली की हेच दप्तर तिकडं जातं आणि तुमचा वापर आधीचा होता हे तिथं आपोआप दिसतं.

वकील कधी लावायचा? उत्तर दिल्यावरही त्यांनी जेसीबीची भाषा केली, नाहीतर कलम ५३ ची नोटीस आली, तर त्याच दिवशी. त्याआधी गरज नाही, पैसे लीदखड्ड्यावर घाला.

उद्या सकाळी दहाच्या आत पहिलं दवाखान्यात जा, डॉक्टर फिरतीवर निघायच्या आधी गाठा, जुन्या नोंदींचा अर्ज तिथंच द्या आणि पाहणीची तारीख ठरवून या. तिथून नगररचनेला झोन दाखल्याचा अर्ज. १५ दिवसांतले किती गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही, चार-पाचच उरले असतील तर दाखल्यांची वाट न बघता उत्तर आधी द्या आणि त्यात लिहा की कागद मागवले आहेत, मिळताच सादर करतो, तोवर कारवाई करू नये. नोटिशीचा मजकूर इथं टाकलात तर कलम बघून उत्तराचा मसुदा करून देतो, फक्त नावं आणि गट नंबर झाकून टाका.